केहिमकर किती? एका आडनावाच्या मोजणीच्या प्रकल्प नोंदी

माझं अलिबागेत टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. इतिहासाशी संबंध म्हणाल तर जुने कागद लोक माझ्याकडे झेरॉक्सला आणतात, एवढाच. शाळेतला माझा एक दोस्त इस्राएल आळीतला. आता तो इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. त्याच्या मुलीला तिकडच्या शाळेत 'शोराशिम' नावाचं काम दिलंय. शोराशिम म्हणजे मुळं. आपलं घराणं कुठलं, आडनाव कसं पडलं, ते लावणारे किती लोक आहेत, हे सगळं शोधून वही करायची. आडनाव केहिमकर. तिकडे बसून तिला जेवढं जमेना तेवढं माझ्या गळ्यात आलं.

गावावरून पडलेलं, फारसं कुठे न दिसणारं आडनाव कुणी शोधत असेल तर माझे गेलेले दिवस त्याचे तरी वाचावेत, म्हणून या नोंदी.

नोंद १ : १२ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी फोन. "तू तिथंच आहेस ना, मग जरा किहीमला जाऊन बघ की." मी म्हटलं, यात बघायचं काय आहे? किहीमचा तो केहिमकर. झालं काम.

मुलीला लिहून पाठवलं ते असं. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, माझा दोस्त त्यांतलाच. त्यांची कथा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं, तिथे आज स्मारक आहे. वाचलेल्यांची वस्ती पुढे कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत पसरली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. ज्या गावात राहिले त्या गावाला 'कर' जोडून आडनावं झाली: पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर. अशी शंभरावर आडनावं आहेत. किहीम तर नवगावला लागूनच.

मूळ पाच मिनिटांत सापडलं म्हणून दुपारी जेवून झोपलोसुद्धा. उरलेल्या 'किती' या शब्दाने दोन महिने खाल्ले.

एक गोष्ट मात्र नशिबाने बरी झाली. दोस्ताचं आडनाव दिवेकर असतं तर मी पहिल्याच दिवशी हात जोडले असते. दिवेआगरवरून बेने इस्राएलांतही दिवेकर आणि चित्पावनांतही दिवेकर, यादीतून वेगळे कसे काढणार? केहिमकर हे आडनाव त्या मानाने एकाच समाजात दिसतं.

नोंद २ : १४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत, दुकान अर्धा दिवस. जगातल्या आडनावांची संख्या सांगणारी दोन-तीन संकेतस्थळं उघडली. प्रत्येकाचा आकडा वेगळा, पण सांगण्याचा थाट मात्र एकच, जणू घरोघर जाऊन मोजून आलेत. प्रत्यक्षात त्यांच्याकडे नावांचा एक नमुना असतो आणि त्यावरून ते लोकसंख्येच्या प्रमाणात गुणाकार करतात. पाटील, जाधव यांना ते चालून जातं. आपल्यासारख्या आडनावाचा नमुन्यात एक माणूस आला तर गुणून गाव होतं, आणि नाही आला तर आडनावच नाहीसं होतं. आकडे वहीत लिहिले होते ते खोडले.

मग जनगणना. गणना करणारा घरी येऊन नाव लिहून नेतो हे खरं, पण आपल्याकडे आडनावांचे तक्ते कधी छापले जात नाहीत. धर्माचे आकडे मिळतात. १९५१ साली देशभरात ज्यू २६ हजारांच्या वर होते, १९६१ ला साडेअठरा हजारांच्या आसपास, २००१ ला पाच हजारांच्याही आत. यात कोचीचे आणि बगदादी ज्यूही आले. म्हणजे भारतातले केहिमकर काहीही केलं तरी या शेवटच्या आकड्याचा एक बारीकसा तुकडा असणार. वरची मर्यादा तरी हाती आली, आणि माणसं इथे नसून तिकडे आहेत हेही कळलं.

नोंद ३ : १७ ते २५ जानेवारी

या आठवड्याची लाज वाटते, पण लिहितो.

मतदार याद्या सगळ्यांना खुल्या असतात. मी ठरवलं, अलिबाग (मतदारसंघ १९२), ठाणे (१४८) आणि भायखळा (१८४) एवढ्या तीन याद्या चाळायच्या. बेने इस्राएल वस्ती जुन्या काळापासून इथेच. पण याद्या पीडीएफ असल्या तरी आतलं पान म्हणजे चित्र असतं, शोधायला अक्षरच नाही. पानावर तीस मतदार, तीन रांगा. म्हटलं, आपल्या दुकानात याचंच तर काम चालतं. टेसरॅक्ट नावाची फुकट ओसीआर प्रणाली, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारी, मराठी जोडून लावली आणि रात्रभर संगणक चालू ठेवला.

सकाळी 'केहिमकर' शोधलं. शून्य. दोस्ताच्या आत्याचा पत्ता ज्या भागात आहे तो भागही शून्य दाखवतोय म्हटल्यावर संशय आला. पान उघडून डोळ्यांनी वाचलं तर नाव होतं! यंत्राने ते 'केटिमकर' असं वाचलं होतं. आणखी एका ठिकाणी 'केडिमकर', एका ठिकाणी मात्रा उडून 'कहिमकर'. ह आणि ट, ड आणि ह, बारीक छपाईत हे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

दोन दिवस मी चुकीच्या रूपांची यादी करत बसलो. तिसऱ्या दिवशी दुकानातल्या पोराने सहज विचारलं, "काका, शेंडी सोडून शेपूट का नाही शोधत?" बरोबर होतं त्याचं. 'मकर' एवढंच शोधायला लागलो. निमकर आले, अष्टमकर आले, सातामकर आले, ते हाताने काढून टाकले. पाच-सहा तासांत संपलं. पहिले चार दिवस आणि विजेचं बिल अक्कलखाती.

पण खरी चूक ओसीआरची नव्हतीच. दोस्ताची सख्खी आत्या ठाण्यात राहते, जन्माची केहिमकर. यादीत ती नवऱ्याच्या नावाने आहे, ते ठीक. शेजारच्या इमारतीत तिचा चुलतभाऊ राहतो, तोही केहिमकर. त्याचं नाव मात्र यादीत स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव, बस्स. आडनावाचा मागमूस नाही. आत्याला फोन केला तर हसली. "अरे, त्याच्या शाळेच्या दाखल्यावर तेच आहे. आमच्यात निम्म्यांचं असंच असतं."

म्हणजे आठ दिवस ज्या जाळ्याने मासे धरत होतो त्याला ढुंगणाशी भगदाड.

नोंद ४ : २९ जानेवारी, बुधवार

दुकान पोरावर सोपवून किहीमला गेलो. चोंढीपासून आत वळलं की सुरूची झाडं आणि मुंबईकरांचे बंगले. याच गावात सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. आणि फुलपाखरांचे नामवंत अभ्यासक आयझॅक केहिमकर, त्यांच्या आडनावात हेच गाव. मुलीला हे फार आवडलं, वहीत एक पान फुलपाखरांचं केलं म्हणाली.

निघण्यापूर्वी रात्री सातबाराच्या संकेतस्थळावर गाव किहीम टाकून आडनावाने शोधलं होतं. केहिमकर, किहीमकर, किहिमकर, हाती काही लागलं नाही. वाटलं, टंकलेखनाची चूक असेल, गावात विचारू. देवळाच्या पारावर एक म्हातारबाबा बसले होते. विचारलं, "बाबा, इथे किहीमकर कोणी राहतं का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इथं सगळेच किहीमचे. मग किहीमकर कुणाला म्हणायचं?"

हे मला घरी बसून सुचायला हवं होतं. पेणमध्ये पेणकर म्हणून कोण कुणाला ओळखेल? गावाचं नाव माणसाला चिकटतं ते गाव सोडल्यावर. रेवदंड्याला, पनवेलला किंवा मुंबईत कुणी विचारलं 'कुठले तुम्ही', की उत्तर आडनाव होऊन बसतं. तेव्हा आडनावाचं गाव शोधायचं असेल तर गावात जा, पण आडनावाची माणसं शोधायची असतील तर त्या गावात अजिबात जाऊ नका. कुठल्याही 'कर'ला हे लागू आहे.

बाबांनी एवढं मात्र सांगितलं की पूर्वी या पट्ट्यात तेल्यांचे घाणे होते, 'शनवारी बंद असायचे ते'. नावं त्यांना आठवत नव्हती.

खर्च: पेट्रोल १८० रुपये. शहाळं धरलं नाही.

नोंद ५ : ४ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या नोंदींचा मोह. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरं उघडली, मोडी कागद स्कॅन झाले, संकेतस्थळांवर चढले. कोतवाल बुकं म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, त्यात नाव आणि जात दोन्ही असतात. मला वाटलं, लॉटरी लागली. दोन रात्री पानं उतरवून घेतली.

मोडी मला येत नाही. एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना पाच पानं दिली, पानाला दोनशे रुपये. त्यांनी पानं पाहिली आणि चष्मा काढून म्हणाले, "अहो, ही कुणबी नोंदींची पानं आहेत. ज्यात कुणबी सापडला तेवढीच वर चढवलीयत. तुमचे शनिवार तेली यात कशाला येतील?"

हजार रुपये मी दिले, त्यांचा वेळ गेलाच होता. पण तेवढ्यात त्यांनी एक कामाची गोष्ट शिकवली. मोडीत ह्रस्व आणि दीर्घ इकार असा भेद करत नाहीत. त्यामुळे किहिम की किहीम, केहिमकर की केहीमकर, या वादाला जुन्या कागदात जागाच नाही. शोधताना दोन्ही रूपं एकच धरायची. इंग्रजी कागदात मात्र उलटा गोंधळ: शेवटचा 'कर' काही जण 'ए' घालून लिहितात, काही 'ई' घालून. पुढचा 'के' कधी 'ई'ने, कधी 'आय'ने. गाव बहुतेक 'आय'ने लिहितात आणि आडनाव सर्रास 'ई'ने. इंग्रजीत शोधणाऱ्याने निदान चार रूपं घेऊन बसावं.

नोंद ६ : ९ फेब्रुवारी, रविवार

तालुक्यातल्याच एका गावाबाहेरचं जुनं कबरस्तान. परवानगी आधी घेतली होती, राखणदाराला फोन केला होता. गाव मुद्दाम लिहीत नाही, लोक उगाच दगड बघायला जातात.

दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी बाळबोध. पण शेवाळ आणि ऐंशी-शंभर पावसाळे. अक्षरं म्हणजे नुसते खळगे. मी घरून रांगोळी नेली होती. कुठेतरी पाहिलं होतं की पांढरी पूड चोळली की अक्षरं उठून दिसतात. एका दगडावर चोळली, अक्षरं दिसलीही. एवढ्यात राखणदार धावत आला. "काय करताय साहेब? ही पूड चिरांत बसते, पाऊस पडला की दगड पोपडे टाकतो. मागच्या वेळी एकाने खडू लावला, तो दगड गेला." मी खजील होऊन मऊ कुंच्याने आणि पाण्याने ती काढायला अर्धा तास घालवला.

मग त्यानेच युक्ती दाखवली. त्याच्या खोलीतला दाढीचा आरसा आणला, दगडाच्या बाजूला तिरपा धरला आणि ऊन दगडावर आडवं सोडलं. एकदम प्रत्येक खळग्याला सावली आली. आधी 'मकर' दिसलं, मग 'ही', आणि आरसा आणखी थोडा कलता केल्यावर 'के'ची मात्रा. 'केहीमकर'. दीर्घ ही. दोघेही एकदम 'अरे!' म्हणालो. दहाच्या आतच हे जमतं, नंतर ऊन डोक्यावर आलं की आरसाही कामाचा नाही. मोठा आरसा न्या, आणि धरायला माणूस न्या.

साल वाचताना पुन्हा घोटाळा. दगडावर ५६५२. मी घाईत वहीत 'सन १९५२ असेल, कोरणाऱ्याची चूक' असं लिहिलं. घरी आल्यावर दोस्ताने फोनवर शिव्या घातल्या. ते हिब्रू साल. त्यातून ३७६० वजा करायचे, म्हणजे १८९२, आणि हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं म्हणून १८९१ चे शेवटचे महिनेही त्यातच. वहीतल्या सात तारखा पुन्हा लिहिल्या.

नोंद ७ : १३ फेब्रुवारी, गुरुवार

आज 'तू बिश्वात', ज्यूंचा झाडांचा सण. या दिवशी बेने इस्राएल खंडाळ्याला जातात. घाटातलं खंडाळा नव्हे, आपल्या अलिबाग तालुक्यातलं. तिथे खडकावर एलियाहू हनबी या प्रेषितांच्या रथाच्या चाकोऱ्या आणि घोड्याच्या टापा उमटल्या आहेत अशी श्रद्धा. मुंबई, ठाणे, पनवेलहून गाड्या येतात. दोस्ताने आधी कुणाला तरी सांगून ठेवलं होतं, म्हणून मी परका वाटलो नाही.

मलिद्याचं ताट मधोमध. गोड पोहे, वर खोवलेलं खोबरं, वेलदोडा, सुकामेवा, भोवती फळं. प्रार्थना झाली, मलिदा वाटला, आणि हातात द्रोण घेऊन मी माझा प्रश्न घेऊन फिरलो. पण यावेळी 'तुमचं आडनाव काय' असं विचारलं नाही. आत्याने बजावलं होतं, "गाव विचार. आडनाव विचारशील तर पासपोर्टवरचं सांगतील."

केवढा फरक! एका गृहस्थांनी नाव सांगितलं ते दोन बायबली नावं, आडनाव म्हणून वडिलांचं नाव. मी म्हटलं, "आणि गाव?" म्हणाले, "आम्ही किहीमचे. केहिमकर. पण ते लावत नाही कोणी." बाजूच्या बाई लगेच, "माझे मामा तेच. त्यांचे पोरगे मात्र लावतात, लोदला असतात." द्रोण संपेपर्यंत मला जे मिळालं ते तीन मतदारसंघांच्या याद्यांनी दिलं नव्हतं.

एका आजोबांनी उलट खडसावलं. "मोजता कशाला आम्हाला? डोकी मोजू नयेत, आमच्यात चांगलं मानत नाहीत." मी म्हटलं, आजोबा, डोकी नाही, आडनाव मोजतोय. "मग ठीक," म्हणाले, आणि आणखी एक घर सांगितलं.

देणगी ५०१.

नोंद ८ : १८ फेब्रुवारी, मंगळवार

ठाणे. आत्याचं घर. वय चौऱ्याऐंशी, स्मरणशक्ती माझ्या संगणकापेक्षा बरी. मी आतापर्यंतची यादी वाचून दाखवली आणि तिने ती अर्धी कापली.

कारण असं. जुन्या पिढीची नावं मराठी वळणाची होती. सॅम्युएलचं सामाजी, इझिकेलचं हसाजी, मोझेसचं मुसाजी, अब्राहमचं आबाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये ज्यांनी बांधलं त्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखतात, ते याचमुळे. पुढे मिशनच्या शाळा आल्या, इंग्रजी आलं, सामाजीचा सॅम्युएल झाला आणि हजेरीपटावर स्वतःचं नाव, बापाचं नाव, एवढ्यावर गाडी थांबली. गावाचं नाव घरात राहिलं. पलटणीत भरती झालेल्यांच्या नावापुढे तर कित्येकदा नुसतं 'इस्राएल' लागायचं. त्यामुळे माझ्या यादीतले हसाजी सामाजी, इझिकेल सॅम्युएल आणि इझिकेल सॅम्युएल केहिमकर हे तीन गृहस्थ नव्हते. एकच होते, आत्याचे आजोबा!

वर या घराण्यात आजोबांचं नाव नातवाला. म्हणजे इझिकेल सॅम्युएल, त्याचा सॅम्युएल इझिकेल, त्याचा पुन्हा इझिकेल सॅम्युएल. साल नसेल तर आजोबा आणि नातू ओळखता येत नाहीत. मी दोन ठिकाणी नातवाचं लग्न आजोबांच्या नावावर लावलं होतं. आत्या म्हणाली, "बरं झालं, आजी गेली त्याआधी."

लग्नाच्या नोंदी मदत करतील असं वाटलं होतं. तिने कपाटातून स्वतःची कतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, काढली, कापडात गुंडाळलेली. कतुबेत नवरा अमुक बेन (मुलगा) तमुक, नवरी अमुक बत (मुलगी) तमुक. आडनावाला जागाच नाही. धर्माच्या कागदाला बाप पुरतो.

मग तिने सांगितलं ते मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. तिचे दोन काका एकाच वर्षी इस्राएलला गेले. पासपोर्ट काढताना मोठ्याने आडनावाच्या जागी वडिलांचं नाव लिहिलं, धाकट्याने केहिमकर. सख्खे भाऊ, आज त्यांची नातवंडं दोन वेगवेगळ्या आडनावांनी सैन्यात जातात. तिच्या तोंडून चार पिढ्यांचे तेवीस पुरुष लिहून घेतले. कागदावर केहिमकर लावणारे त्यात सहा.

एस.टी. जाऊन-येऊन ५४० रुपये. येताना आत्याने डबा दिला.

नोंद ९ : २३ फेब्रुवारी, रविवार

तिकडची बाजू दोस्ताकडे. बेझेक या तिकडच्या टेलिफोन कंपनीच्या १४४ डिरेक्टरीत नाव घालून तो वैतागला. हिब्रूत आपलं आडनाव लिहायचं म्हणजे क साठी काफ हे अक्षर की कोफ, एकाराला योद हे अक्षर घालायचं की नाही, इकाराला घालायचं की नाही, आणि शेवटच्या कला पुन्हा काफ की कोफ. दोन दुणे चार, चार दुणे आठ करत सोळा रूपं होतात. ह साठी 'हे' या अक्षराऐवजी 'खेत' लिहिलं तर बत्तीस. शिवाय काफ मधे आला आणि टिंब दिलं नाही तर ख वाचतात. दोस्ताला बँकेत वीस वर्षं 'मिस्टर केहिमखर' म्हणून हाक मारतात.

मी त्याला कोष्टक करून पाठवलं, सोळा ओळी, एकेक टाकून बघ आणि खूण कर. मुलीने तासाभरात संपवलं. बापाला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. तिची टीप: परकी नावं तिकडे बहुतेक कोफनेच लिहितात, म्हणून आधी कोफची चार रूपं बघावीत.

नोंद १० : २ मार्च, रविवार

तक्ता नव्याने मांडला. 'आडनाव' हा रकाना मोडून तीन केले: कागदावर काय आहे, घरात काय म्हणतात, कुणी सांगितलं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एका माणसाला एकच आडनाव असतं हे गृहीत धरूनच मी तक्ता आखला होता आणि तिथेच सगळं फसलं.

आता कागदावर लावणारे एका ढिगात, घरात मानणारे दुसऱ्यात, आणि एकाच तोंडून ऐकलेले, दुसऱ्या कुणी दुजोरा न दिलेले तिसऱ्यात. दुसरा ढीग पहिल्यापेक्षा मोठा आहे. एकूण आकडे इथे देत नाही. ठाण्यात आत्यानेच अट घातली होती आणि ती मला पटली. पाटील इतके आहेत असं सांगितल्याने कुणाचं घर उघडं पडत नाही. पण एवढ्याशा आडनावाचा आकडा गावासकट दिला की तो आकडा राहत नाही, पत्ता होतो. आकडा मुलीच्या वहीत आहे.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये बेने इस्राएलांचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखक हयात नसताना. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून. मुलगी म्हणाली, "मग आपण फक्त तीन आठवडे उशीर केला, ते चालेल." त्यांचंच नाव बघा: हाईम, बाप सॅम्युएल, आणि पुढे गाव. तिन्ही खाने भरलेले. असे सगळे असते तर मी संक्रांतीलाच मोकळा झालो असतो.

हिशेब: पेट्रोल दोन फेऱ्या ३८०, मोडी १०००, एस.टी. ५४०, देणगी ५०१, कागद आणि टोनर ३५०. एकूण २७७१ रुपये. वेळ अंदाजे सत्तर तास, त्यातले चाळीसेक ओसीआर आणि कुणबी पानांत वाया. पुन्हा करायचं झालं तर क्रम उलटा: आधी घरातली सर्वांत म्हातारी बाई, मग सण, मग दगड, आणि याद्या सगळ्यांत शेवटी, फक्त पडताळणीला.

नोंद ११ : ९ मार्च, रविवार

पुरीम या ज्यू सणाच्या आधी वही द्यायची आहे. मुलीने मुखपृष्ठावर आडनाव तीन लिप्यांत लिहिलंय आणि मराठीचं शुद्धलेखन तपासायला मला फोटो पाठवला. 'केहीमकर', दीर्घ ही. म्हटलं, घरी तर तुम्ही ह्रस्व लिहिता? "दगडावर दीर्घ आहे ना, तुम्हीच पाठवला फोटो." गप्प बसलो.

शेवटच्या पानासाठी तिला गावाच्या पाटीचा फोटो हवा होता. संध्याकाळी दुकान बंद करून पुन्हा गेलो. फाट्यावरच्या पाटीवर 'किहिम', पुढे आत एका पाटीवर 'किहीम'. दोन्ही काढले, दोन्ही पाठवले. कुठला लावू म्हणून तिने विचारलंय, अजून उत्तर दिलेलं नाही.